नको असलेल्या प्रेषकांना रोखताना: एका कारखान्याच्या मेल सर्व्हरचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका औद्योगिक वसाहतीत यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्याचे आहे. ओळख पटू नये म्हणून कंपनीचे, ग्राहकांचे आणि व्यक्तींचे तपशील गाळले आहेत. सर्व्हर कंपनीचा स्वतःचा होता: कार्यप्रणाली म्हणून सेंटओएस ७, मेल स्वीकारण्यासाठी पोस्टफिक्स, मेलबॉक्ससाठी डोव्हकॉट आणि मजकुराला गुण देण्यासाठी स्पॅमअसॅसिन. नेटवर्क, हजेरीचे यंत्र, सीसीटीव्ही आणि ईआरपी यांच्याबरोबर मेलचीही जबाबदारी एकाच सिस्टीम ॲडमिनकडे होती.

नको असलेल्या मेलची तक्रार आली की तो पोस्टफिक्सच्या प्रेषक-यादीत त्या पत्त्याची एक ओळ वाढवत असे आणि तक्रार मिटली असे समजत असे. प्रत्येक ओळीपुढे कृती म्हणून ‘डिस्कार्ड’, म्हणजे मेल स्वीकारून गुपचूप नष्ट करणे, असे लिहिलेले होते. ‘रिजेक्ट’ लिहिले तर प्रेषकाला नकार कळतो आणि तो दुसऱ्या पत्त्यावरून पुन्हा पाठवतो. डिस्कार्ड लिहिले तर मेल पोहोचला असे समजून तो गप्प बसतो, असा त्यामागचा विचार होता. हा विचार वरवर पटतो, आणि म्हणूनच तो अनेक छोट्या कार्यालयांत रुजलेला दिसतो.

अडचण कशी उघडकीस आली

परदेशातील एका जुन्या ग्राहकाने डिलिव्हरीचे सुधारित वेळापत्रक पाठवले होते. कारखान्यातील विक्री विभागाचे म्हणणे असे की ते आलेच नाही; ग्राहकाचे म्हणणे असे की तुमच्याच सर्व्हरने ‘२५० ओके’ असे उत्तर देऊन ते स्वीकारल्याची नोंद आमच्याकडे आहे. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि हा घोळ सुटायला त्यामुळेच वेळ लागला. सुरुवातीला शंका स्पॅम फोल्डरवर गेली, मग एका कर्मचाऱ्यावर, मग ग्राहकाच्या नव्या पोर्टलवर. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या कामकाजाच्या नोंदींत, त्या प्रेषकाच्या नावापुढे डिस्कार्डची नोंद सापडली तेव्हा या शंका संपल्या, पण सर्व्हरच्या व्यवस्थेविषयीचे प्रश्न तिथून पुढे सुरू झाले.

घडले होते ते असे. मेलवर प्रेषकाचे दोन पत्ते असतात. एक लिफाफ्यावरचा, जो पाठवणारा सर्व्हर एसएमटीपी संवादात, म्हणजे मेल सोपवताना दोन सर्व्हरांत होणाऱ्या देवाणघेवाणीत, ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेसोबत देतो. दुसरा मजकुराच्या शीर्षभागातील ‘फ्रॉम’ या ओळीतला, जो वाचणाऱ्याला पडद्यावर दिसतो. हे दोन्ही सारखे असलेच पाहिजेत असे बंधन नाही. घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवा लिफाफ्यावर आपले स्वतःचे डोमेन वापरतात आणि परत आलेला मेल ओळखता यावा म्हणून प्रत्येक मेलसाठी वेगळा पत्ता तयार करतात. काही महिन्यांपूर्वी प्रशिक्षण शिबिरांच्या जाहिराती अशाच एका सेवेमार्फत येत होत्या. पत्ता दर वेळी बदलत असल्यामुळे ॲडमिनने त्या सेवेचे संपूर्ण डोमेनच यादीत टाकले. पोस्टफिक्सच्या मूळ मांडणीत यादीतील डोमेनखाली त्याची उपडोमेनेही धरली जातात, त्यामुळे या एका ओळीचा आवाका त्याला वाटला त्याहून मोठा होता. पुढे ग्राहकाने पुरवठादारांसाठीचे पोर्टल बदलले, आणि नवे पोर्टल नेमके त्याच सेवेतून मेल पाठवू लागले.

याआधी आणखी किती मेल असे नाहीसे झाले, हे ठरवता आले नाही, कारण लॉग चारच आठवडे ठेवले जात होते. वास्तविक सर्ट-इन या संगणक-सुरक्षेसाठीच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवणे अपेक्षित आहे. ही मुदत पाळली असती तर निदान नुकसानीचा अंदाज तरी बांधता आला असता.

यादीत प्रत्यक्षात काय होते

पुढे काय करायचे हे ठरवण्यापूर्वी यादीतील ओळी उपलब्ध लॉगशी ताडून पाहण्याचे ठरले. हे काम कंटाळवाणे होते, पण संपूर्ण प्रकरणात सर्वांत उपयोगी तेच ठरले.

बहुसंख्य ओळी कधी जुळतच नव्हत्या. त्यांतील काही पत्ते एकदाच वापरून फेकून दिलेले होते. उरलेल्या पुष्कळ ओळींमध्ये कर्मचाऱ्यांनी आउटलुकमध्ये पाहून कळवलेला, म्हणजे शीर्षभागातला, पत्ता होता; पोस्टफिक्सची ही यादी मात्र लिफाफ्यावरचा पत्ता तपासते. लिफाफ्यावर वेगळाच पत्ता असलेल्या अशा मेलसाठी त्या ओळी पहिल्या दिवसापासूनच निरुपयोगी होत्या. तक्रार बंद होत होती, मेल येतच होते, आणि कर्मचारी पुन्हा सांगायला कंटाळले होते.

यादीचा एक लहानसा भाग मात्र सगळ्यांना अवघडून टाकणारा होता. त्यात घाऊक जाहिरातदार नव्हते, तर ओळखीची माणसे होती: नोकरी सोडून गेलेला एक कर्मचारी, एक वाहतूक ठेकेदार, आणि थकलेल्या बिलासाठी वारंवार मेल करणारा एक छोटा पुरवठादार. हे पत्ते खरेदी आणि मनुष्यबळ विभागांनी तोंडी सांगून बंद करवले होते. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या बिलांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. अशा पुरवठादाराचे तगादे सर्व्हरवरच गुपचूप नष्ट होत असतील आणि त्याला मात्र ‘पोहोचले’ असे उत्तर मिळत असेल, तर हा विषय स्पॅमचा राहत नाही. कोणाचा मेल कंपनीत येऊ द्यायचा नाही हा निर्णय एका अधिकाऱ्याच्या सोयीने घेतला जात होता, आणि त्याची नोंद कुठेही नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सगळा मेल एखाद्या मोठ्या क्लाउड सेवेकडे सोपवण्याचा होता. तांत्रिकदृष्ट्या तो वाईट नव्हता. परंतु दरमहा दर मेलबॉक्स येणारा खर्च संचालकांना मान्य नव्हता, आणि जुने स्कॅनर व यंत्रांवरून जाणारे सूचना-मेल नव्या सेवेशी जोडणे हे वेगळे काम झाले असते. शिवाय खरी चूक सेवा बदलून सुटणारी नव्हती. कोणाला आणि का रोखायचे हे न ठरवता क्लाउडवर गेलो, तर तीच यादी तिथे नव्याने तयार झाली असती.

दुसरा पर्याय ग्रेलिस्टिंगचा. यात अनोळखी प्रेषकाला सर्व्हर आधी ‘४५०’ हे तात्पुरत्या नकाराचे उत्तर देतो; प्रामाणिक सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, घाईत असलेला स्पॅम पाठवणारा येत नाही. २००३ मध्ये मांडली गेलेली ही युक्ती बरीच वर्षे प्रभावी ठरली. लेखा विभागाने मात्र तिला ठाम विरोध केला, आणि तो योग्य होता. बँकांचे आणि जीएसटी पोर्टलचे ओटीपी मेलवर येतात आणि काही मिनिटांतच निकामी होतात. त्यातच मोठ्या सेवांचा दुसरा प्रयत्न अनेकदा वेगळ्याच आयपी पत्त्यावरून होतो, त्यामुळे विलंब आणखी वाढतो.

तिसरा पर्याय आयपी पत्त्यांच्या सार्वजनिक काळ्या याद्यांचा, म्हणजे डीएनएसबीएलचा. लिफाफ्यावरचा आणि शीर्षभागातला, दोन्ही पत्ते प्रेषक हवे ते लिहू शकतो. जोडणी करणाऱ्या यंत्राचा आयपी पत्ता मात्र त्याला तितक्या सहज खोटा सांगता येत नाही. म्हणून प्रेषकाच्या नावापेक्षा आयपीवरून रोखणे अधिक भरवशाचे असते. या पर्यायाचा धोका असा की कोणाला रोखायचे याचा निर्णय आपण तिसऱ्या पक्षाच्या हाती देतो.

चौथा पर्याय, यादी तशीच ठेवून फक्त डिस्कार्डच्या जागी रिजेक्ट करणे, हा तसा पर्याय नव्हताच. ते काम त्याच दिवशी करणे भाग होते.

निर्णय आणि कार्यवाही

डिस्कार्ड बंद करण्याला ॲडमिनचा सुरुवातीला आक्षेप होता. त्याची भीती दुहेरी होती: स्पॅम पाठवणारा सावध होईल, आणि परतीच्या मेलची रांग लागेल. दुसरी भीती गैरसमजातून आलेली होती. आधी मेल स्वीकारून नंतर ‘परत’ केला तर तो परतीचा मेल आपला सर्व्हर तयार करतो, आणि प्रेषकाचा पत्ता खोटा असेल तर तो भलत्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर जाऊन पडतो. एसएमटीपी संवाद चालू असतानाच ‘५५४’ असे सांगून नकार दिला तर आपल्याकडून काहीच निघत नाही. कळवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरवर राहते. रजिस्टर्ड पत्र दारातच पोस्टमनला परत देणे आणि सही करून घेऊन नंतर केराच्या टोपलीत टाकणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. डिस्कार्डचा आणखी एक दोष फारसा कोणाला ठाऊक नसतो: एकाच मेलचे अनेक प्राप्तकर्ते असतील आणि त्यांपैकी एकासाठीच हा नियम लागू केला असेल, तरी पोस्टफिक्स तो मेल सगळ्यांसाठीच नष्ट करते.

म्हणून सर्व ओळी रिजेक्टवर आणल्या. नकाराच्या संदेशात ‘चूक वाटत असल्यास पोस्टमास्टरला लिहा किंवा कार्यालयात फोन करा’ असे वाक्य आणि स्वागतकक्षाचा क्रमांक घातला. हा संदेश उपयोगी पडायचा तर पोस्टमास्टरचा, म्हणजे मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याचा, पत्ता सर्व निर्बंधांतून मोकळा असायला हवा. तशी सूट दिली, मात्र ती रिले (बाहेरच्यांचा मेल पुढे बाहेरच पोहोचवणे) रोखणाऱ्या नियमाच्या नंतरच्या जागी ठेवली. पोस्टफिक्समध्ये नियम ओळीने तपासले जातात आणि पहिला निर्णायक निकाल त्या यादीपुरता अंतिम ठरतो. जुन्या आवृत्त्यांत ‘ओके’ देणारा नियम रिलेच्या नियमाआधी आला की सर्व्हर कोणाचाही मेल कुठेही पोहोचवू लागत असे. २.१० या आवृत्तीपासून रिलेसाठी स्वतंत्र नियमसंच आला आहे. तरीही क्रम नीट ठेवण्याची सवय सोडू नये.

याच कारणासाठी ‘महत्त्वाच्या ग्राहकांची डोमेने सरळ आत सोडा’ ही विक्री विभागाची मागणी मान्य केली नाही. लिफाफ्यावरचा पत्ता कोणीही लिहू शकतो, त्यामुळे अशी यादी ही घुसखोराला दिलेली किल्ली ठरली असती. ज्या ग्राहकांची एसपीएफ किंवा डीकेआयएम तपासणी (डोमेन खरे आहे का हे अनुक्रमे पाठवणाऱ्या सर्व्हरवरून आणि डिजिटल सहीवरून पाहणे) उत्तीर्ण होते, त्यांनाच स्पॅमअसॅसिनमध्ये गुणांची सवलत दिली.

त्यानंतर डीएनएसबीएल. जुन्या मांडणीत सॉर्ब्स या यादीची एक ओळ होती. ती यादी जून २०२४ मध्ये बंद झाली आहे. बंद पडलेली यादी मांडणीत राहू देणे घातक असते. एएचबीएल या यादीने २०१५ च्या सुरुवातीपासून प्रत्येक विचारणेला ‘यादीत आहे’ असे उत्तर देणे सुरू केले होते, आणि ज्यांनी ती ओळ काढली नव्हती त्यांचा सगळा मेल अडला होता. सॉर्ब्सची ओळ काढून स्पॅमहाउस या संस्थेच्या झेन या यादीची चाचणी घेण्याचे ठरले. नियम सुरुवातीला ‘वॉर्न इफ रिजेक्ट’ लावून ठेवला, म्हणजे मेल अडणार नाही, पण अडला असता तर तशी नोंद लॉगमध्ये होईल.

पहिल्याच सकाळी लॉगमध्ये प्रत्येक मेलपुढे नकाराची नोंद दिसली, बँकेच्या आणि आयकर विभागाच्या मेलपुढेसुद्धा. सर्व्हर नावांवरून पत्ते शोधण्यासाठी (काळ्या यादीची विचारणाही याच मार्गाने जाते) गूगलचा ८.८.८.८ हा सार्वजनिक रिझॉल्व्हर वापरत होता. अशा खुल्या रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या विचारणांना स्पॅमहाउस खरे उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा चूक दर्शवणारा संकेत पाठवते. पोस्टफिक्सला विशिष्ट संकेत सांगितले नसतील तर कोणतेही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असेच ते धरते. नियम थेट लागू केला असता तर त्या दिवशी बाहेरचा एकही मेल आत आला नसता.

उपाय दोन ठिकाणी केला. सर्व्हरवरच अनबाउंड हा स्वतंत्र रिझॉल्व्हर बसवला, आणि नियमात फक्त १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ हीच उत्तरे नकारासाठी ग्राह्य धरली. सार्वजनिक सर्व्हरवरून मिळणारी मोफत सेवा थोड्या आणि अव्यावसायिक वापरापुरती असल्याने कंपनीने वर्गणी भरून रीतसर सेवा घेतली. दरमहा मेलबॉक्समागे पैसे द्यायला नाखूश असलेल्या संचालकांनी ही रक्कम मात्र बिनतक्रार मंजूर केली, कारण तोवर हरवलेल्या वेळापत्रकाची किंमत त्यांच्यासमोर आली होती.

झेनमध्ये घरगुती ब्रॉडबँडच्या आयपी पत्त्यांचाही समावेश असतो. फिरतीवरील विक्री प्रतिनिधींचे फोन आणि लॅपटॉप अजून २५ क्रमांकाच्या, म्हणजे सर्व्हरांच्या आपसांतील मेलसाठीच्या, पोर्टवरूनच लॉगिन करून मेल पाठवत होते. म्हणून लॉगिन केलेल्यांना परवानगी देणारा नियम डीएनएसबीएलच्या आधी ठेवला आणि हळूहळू सर्वांना वापरकर्त्यांसाठीच्या ५८७ या पोर्टवर नेले.

संचालकांच्या नावाने येणारे मेल

एक प्रकार या कोणत्याही उपायाला दाद देत नव्हता. व्यवस्थापकीय संचालकांचे नाव लावून, पण मोफत मेलसेवेच्या भलत्याच पत्त्यावरून, ‘मीटिंगमध्ये आहे, हे पेमेंट तातडीने करा’ असे मेल लेखा विभागाला येत होते. पाठवणारे सर्व्हर जीमेलसारख्या प्रतिष्ठित सेवेचे. आयपी स्वच्छ, एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही उत्तीर्ण. जीमेल बंद करणे अशक्य होते, कारण निम्मे वाहतूकदार, जॉबवर्कवाले आणि नोकरीचे अर्जदार तिथूनच लिहितात.

शीर्षभागातील नाव तपासून असे मेल अडवण्याचा नियम सुचवला गेला. सुदैवाने तो रिजेक्टऐवजी ‘होल्ड’ या कृतीने, म्हणजे मेल रांगेत थांबवून, तपासला गेला. रांगेत सर्वांत आधी अडकले ते खुद्द संचालकांचेच मेल. प्रवासात असताना ते आपल्या खासगी जीमेलवरून कार्यालयाला सूचना देत असत आणि ही गोष्ट आयटी विभागाला ठाऊक नव्हती. इथे निर्णय तांत्रिक राहिला नाही. संचालकांनी कार्यालयीन सूचना फक्त कंपनीच्या पत्त्यावरूनच देण्याचे मान्य केले. बाहेरून येणाऱ्या आणि संचालकांचे नाव असलेल्या मेलच्या विषयात ‘बाहेरील मेल’ अशी खूण घालण्यात आली. आणि बँक खाते बदलण्याची किंवा तातडीच्या पेमेंटची कोणतीही सूचना ओळखीच्या क्रमांकावर फोन करून पडताळल्याशिवाय अमलात आणायची नाही, असे लेखी परिपत्रक निघाले. माझ्या मते या प्रकारात सर्व्हरवरील सर्व नियमांपेक्षा हे परिपत्रक अधिक कामी आले.

ओळखीच्या माणसांचे पत्ते

पुरवठादार आणि ठेकेदार यांच्या ओळी तत्काळ काढल्या. माजी कर्मचाऱ्याचे मेल अपमानास्पद होते आणि ते अनेकांना एकदम जात होते, त्यामुळे कर्मचाऱ्यांना त्यांचा त्रास होऊ नये ही मागणी रास्त होती. पण मेल सर्व्हरवर नाकारले तर पुढे पुरावा म्हणून काहीच उरले नसते. पोस्टफिक्सची ‘रिडायरेक्ट’ कृती डिस्कार्डप्रमाणेच सर्व प्राप्तकर्त्यांना लागू होते, म्हणून ती टाळली, आणि डोव्हकॉटमधील सिव्ह या नियम-भाषेत लिहिलेल्या सूचनेने ते मेल मनुष्यबळ विभागाच्या एका वेगळ्या मेलबॉक्सकडे वळवले. इतर कोणाला एखादा प्रेषक नको असेल, तर त्याने आपल्या स्वतःच्या मेलबॉक्सपुरता सिव्हचा नियम करावा, कंपनीच्या यादीत ओळ मागू नये, असे ठरले. कंपनीच्या यादीत ओळ घालायची तर तिच्यावर कारण, मागणाऱ्याचे नाव, तारीख आणि पुनर्विचाराची तारीख टिप्पणी म्हणून लिहिणे बंधनकारक केले. खरेदी विभागाकडून येणाऱ्या मागण्या त्यानंतर जवळजवळ थांबल्या.

परिणाम

स्पॅम संपला नाही, पण त्याचे स्वरूप बदलले. यंत्रांनी पाठवलेला कचरा जोडणीच्या वेळीच मोठ्या प्रमाणात अडू लागला आणि स्पॅमअसॅसिनवरचा भार उतरला. प्रेषक-यादी इतकी लहान झाली की ती एका दृष्टीत वाचता येते. ‘सावध होऊन स्पॅम वाढेल’ ही ॲडमिनची भीती खरी ठरली नाही; घाऊक पाठवणारे नकाराकडे बहुधा लक्षच देत नाहीत.

चुकीचा नकारही घडला. एका छोट्या पुरवठादाराचा मेल अडला, कारण त्याच्या होस्टिंग कंपनीचा सामाईक आयपी दुसऱ्याच कोणाच्या उद्योगामुळे काळ्या यादीत गेला होता. त्याला नकाराचा संदेश मिळाला, त्यातला क्रमांक पाहून त्याने फोन केला, आणि त्याच दिवशी त्याच्या आयपीला तात्पुरती सूट देऊन काम मार्गी लागले. जुन्या पद्धतीत हाच मेल कोणाच्याही नकळत नाहीसा झाला असता.

काय वेगळे करता आले असते

यादी लॉगशी ताडण्याचे काम तक्रारीची वाट न पाहता वर्षातून एकदा तरी व्हायला हवे होते. न जुळणाऱ्या ओळी दिसल्या असत्या, तर यादीत चुकीचे पत्ते भरले जात आहेत हे फार आधी लक्षात आले असते.

डीएनएसबीएलच्या चाचणीआधी सर्व्हर कोणता रिझॉल्व्हर वापरतो हे पाहणे ही एका आज्ञेची गोष्ट होती. अशा याद्यांत १२७.०.०.२ ही चाचणी-नोंद असावीच लागते आणि १२७.०.०.१ असता कामा नये. हे दोन्ही विचारून पाहिले असते तर सकाळचा गोंधळ टळला असता. नियम इशाऱ्यापुरता ठेवल्यामुळे नुकसान झाले नाही, एवढेच.

ग्रेलिस्टिंग नाकारताना तिचा मधला मार्ग पुरेसा तपासला गेला नाही. पोस्टस्क्रीन या पोस्टफिक्सच्याच एका भागाची प्राथमिक चाचणी स्वागताच्या ओळीआधी काही सेकंद थांबते आणि तेवढ्यात अधीरपणे बोलू लागणाऱ्या बॉटना, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रामना, ओळखते. तिच्यात मेल मिनिटे-तास लांबत नाही, त्यामुळे ओटीपीची अडचण येत नाही. ती सेंटओएस ७ वरील आवृत्तीतही उपलब्ध होती. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली असल्याने सर्व्हर नव्या कार्यप्रणालीवर नेणे तसेही अटळ आहे. ते काम मेलच्या नियमांतील बदलांत मिसळायचे नाही असे ठरल्यामुळे पोस्टस्क्रीन आता त्या वेळी सुरू होईल.

डीमार्कचे, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाच्या खोट्या मेलचे काय करावे हे इतर सर्व्हरना सांगणाऱ्या धोरणाचे, काम अर्धवट राहिले आहे. कंपनीच्या डोमेनच्या नावाने बाहेरून येणारे खोटे मेल सर्वत्र नाकारले जावेत यासाठी धोरण ‘नन’ (काहीही न अडवता फक्त अहवाल) वरून ‘रिजेक्ट’वर न्यायचे आहे. परंतु पगारपत्रके पाठवणारी बाहेरची संस्था कंपनीचेच डोमेन वापरते आणि तिच्या मेलवर अजून कंपनीची डीकेआयएम सही नसते. ती सही सुरू होईपर्यंत धोरण पुढे सरकवले तर कर्मचाऱ्यांची पगारपत्रकेच अडतील. त्यामुळे सध्या अहवाल गोळा करणे चालू आहे, आणि त्या संस्थेशी पत्रव्यवहार मनुष्यबळ विभाग करत आहे.